शिकारी धनुष्य विमानातून नेताना: पेटीची निवड, बांधणी आणि उतरल्यावरची तपासणी

पेटी भक्कम, कुलूप शाबूत, बाहेर ओरखडाही नाही. आणि उघडून बघावे तर केबल कॅमच्या, म्हणजे धनुष्याच्या टोकाच्या चाकाच्या, खाचेतून निसटलेली. हे घडते, कारण पेटी निवडताना आणि भरताना सगळे लक्ष बाहेरच्या कवचाकडे असते. आत धनुष्य कशावर टेकले आहे, हे कोणी बघत नाही. कंपाउंड धनुष्याचा, म्हणजे टोकांना कॅम आणि केबल असलेल्या धनुष्याचा, मार सोसू शकणारा भाग एकच: मधला, मुठीचा रायझर. कॅम, त्याचा आस, लिम्बची (रायझरच्या वरखालच्या वाकणाऱ्या हातांची) टोके, दोरी आणि केबल यांच्यावर बाहेरून कसलाही भार येता कामा नये. चांगली पेटी रायझरला घट्ट धरते आणि बाकी सगळे अधांतरी ठेवते. खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीसाठी आहेत.

क्रम मात्र बदलू नका. आधी धनुष्य मोजायचे, मग विमान कंपनीची मर्यादा बघायची आणि पेटी त्यानंतर निवडायची. पेटी आधी घेऊन बाकीचे तिच्यात बसवायला गेले की पुढची प्रत्येक गोष्ट तडजोडीची होते.

टप्पा १: धनुष्य मोजा, तेही जमिनीवर ठेवून

उत्पादक जी लांबी सांगतो ती एका आसापासून दुसऱ्या आसापर्यंतची असते. कॅम त्या आसाच्या बाहेर आलेला असतो. ३३ इंची म्हणून विकलेले धनुष्य कॅमच्या बाहेरच्या कडांपासून मोजले तर ३६-३७ इंच भरू शकते. ३६ इंची पेटीत ते ‘बसते’, कारण फोम दबतो. पण तेव्हा दोन्ही कॅम भिंतीला टेकलेले असतात आणि पेटी उभी पडली की सगळा हिसका खालच्या आसावर येतो.

तीन मापे घ्या:

१. लांबी: वरच्या कॅमच्या बाहेरच्या कडेपासून खालच्या कॅमच्या बाहेरच्या कडेपर्यंत. कॅम गोल नसतो, त्यामुळे सर्वांत बाहेर आलेला बिंदू धरा.

२. रुंदी: रायझरच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत किंवा कॅमच्या मागच्या कडेपर्यंत, जे जास्त असेल ते. स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा पुढचा दांडा) काढून मोजा.

३. जाडी: धनुष्य आडवे ठेवून जमिनीपासून सर्वांत उंच बिंदूपर्यंत. साइट (नेम धरायचे उपकरण) आणि क्विव्हर (बाणांचा भाता) काढलेले, बाण टेकवायचा रेस्ट मात्र जागेवर. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो, कारण रेस्ट आणि केबल बाजूला सारणारा दांडा दोन्ही बाहेर आलेले असतात.

आता प्रत्येक मापात मोकळी जागा धरा. लांबीत दोन्ही टोकांना किमान दीड-दीड इंच, रुंदीत एकूण दोन इंच, आणि जाडीत वरखालच्या दाबलेल्या फोमसाठी किमान दीड इंच. म्हणजे ३७ इंच भरणाऱ्या धनुष्याला आतून किमान ४० इंचाची पेटी लागते. ४२ इंची मिळाली तर उत्तम.

पेटी ऑनलाइन घेणार असाल तर तिच्या आतल्या मापाचा आयत चिकटपट्टीने जमिनीवर आखा आणि धनुष्य, बाणांचा डबा, साइट, स्टॅबिलायझर, अवजारे त्यात मांडून बघा. पाच मिनिटांचे काम आहे, पण पेटी परत पाठवायची वेळ बहुधा येत नाही.

तपासा: जाहिरातीतले माप आतले आहे की बाहेरचे? दोन्हींत सहज दोन-तीन इंचांचा फरक पडतो. आतले माप धनुष्यासाठी लागते, बाहेरचे विमान कंपनीसाठी.

वेगळे करता येणारे रिकर्व्ह (कॅम नसलेले, टोके पुढे वळलेले धनुष्य) असेल तर हा टप्पा फारच सोपा आहे. दोरी उतरवली, लिम्ब रायझरपासून सोडवले की सगळे साध्या कडक सूटकेसमध्ये मावते. लिम्ब स्वतंत्र कापडी पिशव्यांत, एकमेकांना न घासता, इतकेच पाळायचे. एकसंध लाँगबोची, म्हणजे लांब साध्या धनुष्याची, गोष्ट वेगळी आहे. ६६ इंच म्हणजे १६८ सेंटिमीटर, म्हणजे नुसत्या लांबीतच नेहमीच्या सामानाची मर्यादा संपते. ते जाड नळीतच न्यावे लागते आणि मोठ्या आकाराचे सामान म्हणूनच जाते. पुढचे टप्पे मुख्यतः कंपाउंडसाठी आहेत.

टप्पा २: विमान कंपनीची मर्यादा आकड्यांत लिहून काढा

इकॉनॉमी वर्गाच्या चेक-इन सामानाला बऱ्याच विमान कंपन्या दोन मर्यादा लावतात: वजन २३ किलो, आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटर, म्हणजे ६२ इंच. शिवाय एका नगाचे वजन ३२ किलोंच्या वर गेले तर तो पैसे भरूनही बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, कारण ती मर्यादा सामान उचलणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी असते.

आता आतून ४२ × १७ × ७ इंचांच्या पेटीचा हिशेब करा. बाहेरून ती साधारण ४५ × २० × ९ इंच भरते. बेरीज ७४ इंच, म्हणजे सुमारे १८८ सेंटिमीटर. कडक, पूर्ण आकाराची पेटी ६२ इंचांत जवळजवळ कधीच बसत नाही, ही गोष्ट आधीच मान्य करा. म्हणून ‘मर्यादेत बसणारी पेटी कोणती’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचे ते हे: ही कंपनी धनुर्विद्येचे साहित्य क्रीडासाहित्य म्हणून घेते का, आणि तेव्हा लांबीची मर्यादा किती?

पुढील गोष्टी कंपनीच्या नियमांतून शोधून लिहून ठेवा:

- क्रीडासाहित्याच्या यादीत धनुष्यबाणाचा स्वतंत्र उल्लेख आहे का. गोल्फ किंवा स्कीचा नियम आपोआप लागू होईल असे धरू नका.
- त्या नियमात पेटीत फक्त साहित्यच चालते की कपडेही. काही कंपन्या कपडे सापडले की सवलत नाकारतात.
- आधी नोंदणी लागते का, आणि किती तास आधी.
- प्रवासात दुसऱ्या कंपनीचे विमान असेल तर तिचे नियम. सर्वांत कडक नियम जिचा, तीच तुमची मर्यादा.

शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा असेल तर त्याच्या सामानाच्या दाराचे माप विचारा. शिकारीच्या तळावर नेणारी लहान विमाने आणि पाण्यावर उतरणारी विमाने लांब कडक पेटी अनेकदा घेत नाहीत. तिथे मऊ पिशवी चालते, कारण ती कुठेही सरकवता येते. एक पातळ मऊ पिशवी घडी घालून पेटीतच ठेवा. कडक पेटी मधल्या मुक्कामी ठेवून पुढे तेवढीच न्यायची.

सावधान: धनुष्याने शिकार करायची मुभा सगळीकडे नसते. ब्रिटन आणि जर्मनी ही बंदीची ठळक उदाहरणे. जिथे उतरायचे त्या देशाचे नियम आणि सीमाशुल्काच्या अटी पेटीवर पैसे घालण्याआधी वाचा. क्रॉसबो असेल तर दुप्पट काळजीने, कारण अनेक देश तिला धनुष्यापेक्षा वेगळे आणि कडक नियम लावतात.

टप्पा ३: बाहेरचे कवच

मऊ पिशवी गाडीसाठी ठीक आहे. विमानाच्या पोटात ती नको. कडक भिंतीची पेटी हवी, हे निर्विवाद. पण ‘कडक’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पातळ एबीएस प्लास्टिकची पेटी हलकी आणि दिसायला छान असते. कोपऱ्यावर पडली की मात्र ती तडकू शकते. पॉलिएथिलीनची पेटी लवचिक असते, मार खाऊन पूर्ववत होते. पण भिंत पातळ असेल तर वर जड सामान पडल्यावर आत दबते. साच्यात दाबून घडवलेल्या पॉलिप्रोपिलीनची, कडांना उभ्या फासळ्या असलेली जाड पेटी आम्ही निवडू. वजन जास्त असते, पण ती मार खाते आणि आकारही सोडत नाही.

परीक्षा सोपी आहे. पेटी बंद करून जमिनीवर आडवी ठेवा आणि झाकणाच्या मधोमध दोन्ही तळहातांनी शरीराचा भार द्या. झाकण दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली गेले तर ती घेऊ नका. खाली कॅम आहे हे आठवा.

पुढचे भाग एकेक करून बघा:

बिजागरी. अखंड लांबीची किंवा धातूच्या सळईवर फिरणारी असावी. दोन छोट्या प्लास्टिक बिजागऱ्यांवर लटकलेले झाकण कोपऱ्यावरच्या एका आपटीत सुटते.

कड्या. लांब बाजूला किमान तीन, शक्यतो चार. बंद झाल्यावर त्या पेटीच्या कडेच्या आत बसल्या पाहिजेत. बाहेर आलेली कडी सामानाच्या पट्ट्यावर अडकून तुटते किंवा उघडते.

कुलपाची भोके. प्लास्टिकच्या भोकाभोवती धातूची पट्टी असावी. नसेल तर कुलूप टिकते आणि भोक फाटते.

चाके. ४२ इंची भरलेली पेटी हातात धरून विमानतळभर चालणे वैतागाचे आहे, त्यामुळे चाके हवीतच. ती कोपऱ्यात खोल बसलेली आणि बेअरिंगवर फिरणारी असावीत. बाहेर लोंबणारी चाके पहिल्या दोन-तीन प्रवासांतच जातात. चाकांच्या पेटीला एक किंमत मात्र मोजावी लागते: ती ओढताना तिरकी राहते, म्हणजे धनुष्याचा भार सतत एका टोकाकडे झुकतो. त्याचा बंदोबस्त टप्पा ६ मध्ये आहे.

दाबाचा व्हॉल्व्ह. पेटीला रबरी गॅस्केट असेल, म्हणजे ती पाणबंद असेल, तर व्हॉल्व्ह नसलेली घेऊ नका. सामानाचा कप्पा दाबाखाली असतो, पण तो दाब जमिनीवरचा नसतो. उड्डाणात तो ८००० फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश इतका उतरू शकतो. वर गेल्यावर पेटीतली हवा गॅस्केटमधून बाहेर झिरपते. उतरल्यावर बाहेरचा दाब वाढतो, झाकण आत ओढले जाते आणि हाताने उघडत नाही. मग कोणीतरी पेचकस घालून उचकटतो. आपोआप चालणारा व्हॉल्व्ह असेल तर काही करावे लागत नाही. हाताने फिरवायचा असेल तर निघण्याआधी सैल करा.

जाहिरातींत दोन निकष वारंवार दिसतात. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. ते चांगलेच, पण चेंगरण्याबद्दल तो निकष काहीच सांगत नाही. एटीए ३००, वर्ग १ हा खास वाहतुकीच्या पेट्यांसाठीचा आहे. त्यात पेटी किमान १०० फेऱ्या टिकेल अशी अपेक्षा असते. दोघांतला एकच मिळणार असेल तर एटीए ३०० घ्या.

टप्पा ४: आतली मांडणी

पेटीच्या तळाशी अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल फोम आणि झाकणालाही तसाच, ही सर्वांत स्वस्त रचना. नवीन असताना ती छान धरते. वर्षभराने दबून अर्धी होते आणि धनुष्य आत खडखडू लागते. तसा फोम असेल तर तो दर काही प्रवासांनंतर बदलायचा, असे धरूनच घ्या.

चौकोनी तुकडे उपटून आकार करायचा फोम सोयीचा असतो, पण तो स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा असल्याने पाणी धरतो आणि त्याच्या पातळ कडा लवकर फाटतात. कॅम किंवा साइटभोवती एकाच तुकड्याची पातळ भिंत कधी ठेवू नका. किमान दोन तुकड्यांची हवी. बंद छिद्रांचा दाट पॉलिएथिलीन फोम कापायला कष्टाचा, पण ओला होत नाही आणि आकार धरून ठेवतो. रायझरखालच्या आधारासाठी तोच वापरा, बाकी पेटीत मऊ फोम चालेल.

मांडणीचे नियम असे:

१. रायझरला खालून तीन ठिकाणी आधार: मुठीच्या खाली, मुठीच्या वर, आणि खालच्या लिम्बच्या सांध्याच्या जरा अलीकडे रायझरवरच.

२. पट्टे फक्त रायझरवर. लिम्बवर, दोरीवर, केबलवर पट्टा नको. लिम्बवर आवळलेला पट्टा लिम्बला किंचित पिळतो, आणि उड्डाणातल्या थरथराटीत तो पीळ तासन्‌तास टिकतो.

३. दोन्ही कॅमभोवती सर्व बाजूंनी दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी जागा. तिथे फोम असला तरी त्याने कॅमला ढकलू नये.

४. रेस्टच्या वर झाकणाचा फोम कापून खड्डा करा. रेस्टचा हात दाबला गेला की बाण वेगळ्याच जागी टेकतो आणि साइटचा सगळा हिशेब चुकतो.

दुहेरी पेटीचा मोह टाळा, निदान पूर्ण सज्ज दोन धनुष्ये नेणार असाल तर. दोन धनुष्ये एकावर एक ठेवली की मधल्या फोमच्या जाडीवर सगळे अवलंबून राहते, आणि वजनही २३ किलोंच्या पुढे सरकते. पेटी हरवली तर दोन्ही एकदम जातात, ते वेगळेच.

टप्पा ५: कुलूप

बंदुकीचा नियम धनुष्याला लावणे ही इथली नेहमीची चूक. अमेरिकेत बंदूक चेक-इन करताना ती जाहीर करावी लागते आणि तिच्या कुलुपाची चावी प्रवाशाकडेच राहते. धनुष्य बंदुकीत मोडत नाही. ते साधे चेक-इन सामान आहे आणि सुरक्षा कर्मचारी ते तुमच्या मागे उघडून बघू शकतात. तिथे टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेची, मान्यता असलेले कुलूप लावा; त्यांच्याकडे त्याची किल्ली असते. दुसरे लावलेत तर ते कापले जाईल, आणि पेटी पुढचा प्रवास बिनकुलपाची करेल.

किमान दोन कुलपे लावा, दोन टोकांना. मधोमध एकच असेल तर एक टोक उचकटता येते.

टप्पा ६: बांधणी, याच क्रमाने

१. मापे लिहा. आसापासून आसापर्यंतची लांबी, मुठीच्या खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर, नॉकिंग पॉइंटची (दोरीवर बाण अडकवायच्या जागेची) उंची, पीपची (दोरीत बसवलेल्या, नेम धरायच्या छिद्राची) जागा. फोनमध्ये ठेवा आणि कागदावरही. उतरल्यावर धनुष्य बिघडले की नाही हे सांगणारी दुसरी कोणतीही गोष्ट तुमच्याकडे नसते.

२. खुणा करा. साइट, रेस्ट, लिम्बचे बोल्ट, कॅमचे स्क्रू: प्रत्येक ठिकाणी रंगाच्या मार्करने स्क्रूवरून शेजारच्या भागावर जाणारी एक बारीक रेघ. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते.

३. बाहेर आलेले सगळे काढा. क्विव्हर, स्टॅबिलायझर, साइट. साइट सरकत्या खाचेची असेल तर कोणत्या खाचेत होती ते लिहा. ती मऊ कापडात गुंडाळून धनुष्यापासून वेगळ्या कप्प्यात ठेवा.

४. लिम्बचे बोल्ट सैल करू नका. विमानात ताण कमी करावा लागतो असा समज आहे. कप्प्यातल्या थंडीने किंवा दाबाने कंपाउंडच्या लिम्बला काही होत नाही. बोल्ट मात्र वरखाली सारखे फिरवले गेले नाहीत तर सगळी जुळवणी बिघडते. उन्हात तापणारी बंद गाडी विमानापेक्षा कितीतरी वाईट.

५. दोरीला ठळक लाल चिठ्ठी बांधा: ‘ओढू नका, सोडू नका’. इंग्रजीत आणि जिथे उतरायचे तिथल्या भाषेत. बाण न लावता दोरी ओढून सोडणे म्हणजे ड्राय फायर. एका खेपेत लिम्ब फुटू शकतो. पेटी उघडणाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही.

६. धनुष्य ठेवा, पट्टे आवळा, आणि चाकांच्या बाजूला अडणी द्या. दाट फोमचा ठोकळा रायझरला खालून टेकवा, म्हणजे पेटी उभी केली तरी धनुष्य घसरून कॅमवर बसणार नाही. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच पायरीकडे.

७. कपडे ठेवायचे असतील तर रायझरभोवती आणि कोपऱ्यांत, मऊ घड्यांचे. दोरी आणि लिम्ब यांच्यामधल्या पोकळीत कोंबू नका. केबल बाजूला ढकलली जाते. बूट, दुर्बीण, दिवा या पेटीत नकोत.

८. फोटो काढा. त्याची प्रत छापून झाकणाच्या आत चिकटवा. तपासणी करणाऱ्याला सामान परत कसे ठेवायचे ते कळते. सामान शोधायचा ट्रॅकर ठेवणार असाल तर तोही आताच फोमखाली सरकवा.

तपासा: पेटी बंद करून चाकांवर उभी करा, मग उलटी, मग कुशीवर. प्रत्येक वेळी जोराने हलवा. काही आपटल्याचा आवाज आला तर उघडा. आवाज आला नाही तरी एकदा उघडून कॅमभोवतीची मोकळी जागा अजून तशीच आहे का बघा.

टप्पा ७: बाण, पाती आणि बॅटऱ्या

बाण वेगळ्या कडक डब्यात, तो डबा पेटीत पट्ट्याने बांधलेला. पिसांची टोके एकमेकांना लागू नयेत म्हणून खाचा असलेला डबा घ्या. एक डझन बाण पुरेत; २७ ग्रॅमचा एक धरला तर सगळे मिळून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास.

ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची धारदार पात्यांची टोके, बाणावर लावून नेऊ नका. ते काढून झाकणाच्या स्वतंत्र डब्यात ठेवा, पाती झाकलेली हवीत. पेटीत हात घालणाऱ्याचा हात कापला गेला तर तुमची पेटी तिथेच थांबते. धनुष्य, बाण आणि पाती यांतले काहीही केबिनमध्ये नेता येत नाही, सुट्या टोकांसकट.

लिथियम बॅटऱ्यांचा नियम उलटा आहे. सुट्या बॅटऱ्या केबिनच्या सामानातच, प्रत्येकीची टोके झाकलेली. साइटच्या दिव्यात बसवलेली छोटी गोल बॅटरी चालते, पण दिवा बंद करा आणि जमल्यास झाकण अर्धवट सैल करून संपर्क तोडा. अंतर मोजणारे यंत्र केबिनमध्ये ठेवा. ते महागही असते आणि नाजूकही.

ॲलन कीचा संच इंची आणि मिलिमीटर दोन्ही मापांचा पेटीत. दोरीचे मेण, सुटी दोरी आणि केबल, डी-लूपची (रिलीज अडकवायच्या फासाची) दोरी, एक लहान मोजपट्टी, हे पण तिथेच. रिलीज (दोरी ओढून सोडायचे हातातले उपकरण) दोन न्या: एक पेटीत, दुसरा इतर सामानात. धनुष्य मिळाले आणि रिलीज हरवला तर हात चोळत बसायची पाळी येते.

अस्वलाला पळवायचा फवारा आणि स्टोव्हचे इंधन कुठल्याच सामानात चालत नाही. ते पोहोचल्यावर घ्या.

आता वजन करा. पेटी साडेसात किलो, सुटे धनुष्य अडीच, साइट-क्विव्हर-स्टॅबिलायझर मिळून एक, बाण आणि त्यांचा डबा एक, अवजारे एक. तेरा किलो झाले. दहा किलो उरतात, पण ते सगळे भरू नका. परतीला ओले कपडे जड होतात.

टप्पा ८: विमानतळावर

नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. लांब पेटी नेहमीच्या पट्ट्यावरून जात नाही. ती मोठ्या सामानाच्या खिडकीवर वेगळी द्यावी लागते. काउंटरवर ‘धनुर्विद्येचे क्रीडासाहित्य’ असे सांगा. ‘हत्यार’ हा शब्द वापरलात तर नको ते फॉर्म पुढे येतात. विचारले तर आत काय आहे ते मात्र सरळ, पूर्ण सांगा.

टॅग लावण्याआधी पेटीचा चारही बाजूंनी फोटो घ्या. पेटीच्या आतही नाव आणि फोन नंबर हवा, कारण बाहेरचा टॅग फाटतो.

टप्पा ९: उतरल्यावर, बाहेर पडण्याआधी

पेटी मोठ्या सामानाच्या वेगळ्या दारातून येते. नेहमीच्या पट्ट्याजवळ वाट बघत थांबू नका. मिळाल्यावर सामान घेण्याच्या दालनातच बाजूला उघडा. धनुष्य हातात घेऊन मिरवायचे नाही, जागच्या जागी बघायचे.

नुकसान दिसले तर तिथल्या काउंटरवर लगेच लेखी नोंद करा आणि तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या १९९९च्या माँट्रियल करारानुसार, सामानाच्या नुकसानीची तक्रार ते मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी करावी लागते; उशिरा मिळालेल्या सामानाबाबत ही मुदत २१ दिवस आहे. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे, आणि ती प्रवाशामागे आहे, नगामागे नाही. सज्ज धनुष्य, साइट आणि पेटी मिळून त्यापुढे जात असतील तर चेक-इनच्या वेळी जास्त मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरता येते, किंवा स्वतंत्र विमा घ्यावा.

मुक्कामी पोहोचल्यावर पुढची तपासणी. ती पूर्ण होईपर्यंत दोरी ओढायची नाही:

१. दोरी आणि केबल दोन्ही कॅमच्या खाचेत पूर्ण बसल्या आहेत का. निसटलेली असेल तर बो प्रेसशिवाय (धनुष्याचा ताण उतरवणाऱ्या यंत्राशिवाय) हात लावू नका.

२. आसांच्या टोकांच्या क्लिपा जागेवर आहेत का.

३. कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून हलकेच फिरवा. तंतू अडकला तर तिथे चीर आहे. असे धनुष्य ओढू नका, बाकी सगळे ठीक दिसले तरी.

४. टप्पा ६ मधली मापे पुन्हा घ्या. एक-दीड मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाही असू शकतो. तीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर काहीतरी सरकले आहे.

५. स्क्रूंवरच्या रेघा बघा. तुटलेली असेल तिथला स्क्रू रेघ जुळेपर्यंत फिरवा.

६. प्रत्येक कार्बन बाण दोन्ही हातांनी किंचित वाकवून, फिरवून कान द्या. करकर ऐकू आली तर तो बाण मोडून टाका, म्हणजे चुकून परत वापरला जाणार नाही.

मग साइट आणि बाकीचे जोडा. पहिला बाण १० यार्डांवरून मोठ्या लक्ष्यावर, साध्या टोकाचा. तो जागी लागला तर २०, मग ४० यार्ड. साइट हलवण्याची घाई नको. तीन-तीन बाणांचे दोन गट एकाच बाजूला गेले तरच हलवा. ब्रॉडहेडचे बाण सर्वांत शेवटी, कारण रेस्ट किंचित जरी सरकला असेल तर ते साध्या टोकांपासून वेगळे पडतात आणि दोष उघडा करतात.

परतीच्या बांधणीत लोक घाई करतात आणि धनुष्य बिघडते ते अनेकदा तेव्हाच. झाकणातला फोटो समोर ठेवून टप्पा ६ पहिल्यापासून करा. पेटी, बूट आणि बाणांवरची माती धुऊन टाका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारखे देश ती सीमेवरच अडवतात. फोम ओला असेल तर रात्रभर बाहेर काढून वाळवा. पाणबंद पेटीत ओल बंद झाली की घरी पोहोचेपर्यंत आसांवर गंजाचे पहिले ठिपके दिसू लागतात.